वेळू पाय धरतो

लारी फ्लोरेसला अडुसष्टाव्या वर्षी समुद्राच्या तळाशी जायचं खूळ लागलं, तेव्हा काल्क बे बंदराच्या धक्क्यावर दुसरा विषयच उरला नाही.

“काय रे लारी, गळाला लागेनात म्हणून आता हातानेच धरायला निघालास होय?” बर्फाच्या गाडीवरून पीटी ओरडायचा.

“तुझं तोंड रोज बघण्यापेक्षा माशांची बरी,” लारी म्हणायचा आणि चालू लागायचा. पण चालताना एक हात भिंतीला असायचा, आणि ते बघून पीटीचं हसू मावळायचं.

काचबिंदू झाला होता. समोरचं तेवढं दिसायचं, दाराच्या फटीतून बघावं तसं, बाजूचं सगळं गेलेलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, थंडी संपेपर्यंत हेही राहील की नाही सांगता येत नाही. लारीने ऐकून घेतलं, टोपी घातली आणि घरी आला. त्या रात्री जेवताना भाजलेल्या स्नूक माशाचे काटे काढता काढता तो मुलीला म्हणाला, “मर्ल, मला एकदा खाली घेऊन चल.”

“खाली कुठे, पा?”

“तू रोज जातेस तिथे. परदेशातल्या लोकांना तुझ्या त्या लाजऱ्या मुश्या दाखवतेस, मला नको दाखवायला? जन्मभर त्यांना नावेच्या काठावर आपटत आलोय मी. एकदा त्यांच्या घरी जाऊन बघू दे, डोळे आहेत तोवर.”

लाजरी मुशी म्हणजे छोटी शार्कच, हातभर लांबीची, बारीक ठिपक्यांची. खायच्या उपयोगाची नाही, आणि आमिष मात्र आधी तीच पळवणार. म्हणून आमचे कोळी तिच्या नावाने बोटं मोडतात. गळाला आली की आपट आणि फेक, एवढंच तिचं नशीब. हातात धरलं तर गोल वेटोळं करते आणि शेपटीने डोळे झाकून घेते, म्हणून तिला लाजरी म्हणायचं. मर्ल पर्यटकांना पाण्याखाली नेऊन याच मुश्या दाखवते आणि लोक त्यासाठी विमानाने येतात, हे लारीला वर्षानुवर्षं थट्टेचंच वाटत आलं होतं.

पण मुश्या हे निमित्त. ते मर्लला कळलं, तिच्या आईला, डोरीनला कळलं, आणि आपल्याला कळलंय हे दोघींनीही दाखवलं नाही. लारीचा मुलगा क्लेमी तिथे राहिला होता. बारा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना, सॉली अंकलच्या नावेवरून गेला तो गेलाच. त्याला पुरायलासुद्धा मिळालं नाही. बापाला डोळे जायच्या आत एकदा ती जागा बघायची होती, पोर जिथे राहिलं ती. सरळ बोलायची त्याची जीभ होत नव्हती, म्हणून मुश्यांचं नाव.

जेवण झाल्यावर डोरीनने मुलीला मागच्या अंगणात ओढलं.

“नाही न्यायचं.”

“अगं, म्हातारा पहिल्यांदा काहीतरी मागतोय.”

“मागू दे. तुझ्या मुश्या राहतात कुठे?”

“वेळूत.”

“मग झालं तर!” डोरीन म्हणाली, आणि वाळत घातलेला टॉवेल उगाचच काढून पुन्हा त्याच जागी घातला.

आता हे वेळूचं सांगायलाच हवं, त्याशिवाय कळायचं नाही. आमच्या या थंड पाण्यात किनाऱ्यालगत समुद्रात वेळूचं बन वाढतं. खरा वेळू नव्हे, शेवाळाच्याच जातीचं, पण उंच माडासारखं. तळाच्या खडकाला मुळं घट्ट, मधला दांडा पोकळ, आणि वर शेंड्याला हवेचा फुगा, त्यावर तो पाण्यात उभा राहतो. नाववाला या बनात कधी जात नाही, इंजिनाच्या पंख्याला गुंडाळलं गेलं की संपलं. आणि आमच्या कोळ्यांना पोहता येत नाही. हसू नका, रीतच होती तशी. पोहणारा बुडायला वेळ लावतो, उगाच हाल होतात, असं म्हणायचे. शिवाय शिकणार तरी कुठे? चांगले किनारे, बांधलेले तलाव सगळे गोऱ्यांसाठी राखून ठेवलेले. आपल्या माणसाने पाय बुडवला की शिट्टी वाजवत पोलिस हजर. बंदी उठली तोवर लारीच्या पिढीची हाडं ताठ झाली होती. मग येत नाही त्याचाच तोरा मिरवायचा, दुसरं काय करणार.

तर पोहायला शिकवायचं नाही, पण एक गोष्ट मात्र प्रत्येक बाप मुलाला शिकवायचा. लारीने क्लेमीला नावेवर पाठवायच्या आदल्या दिवशी धक्क्यावर उभं करून, दंडाला धरून शिकवली होती. मर्ल तिथेच जाळं उचलत होती. “नाव उलटली तर फळी धर, पिंप धर, काय मिळेल ते धर. पण वेळूपासून लांब हो. लाथ मारून लांब हो. वेळू पाय धरतो आणि खाली ओढतो. समजलं?” क्लेमी म्हणाला, “समजलं, पा.” लारी म्हणाला, “पुन्हा म्हण.” क्लेमीने पुन्हा म्हटलं.

नाव पाद्र्याच्या खडकाशी उलटली, वेळूच्या अगदी काठाला. तिघे बुडाले, सॉली तेवढा वाचला. लाटेने मला खडकावर फेकलं, असं त्याने साऱ्या बंदराला सांगितलं. पण इस्पितळात डोरीन आणि मर्ल त्याला भेटायला गेल्या तेव्हा त्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. भिंतीकडे तोंड करून त्याने सगळं सांगितलं. वेळू हाताला लागला म्हणून त्याने मरणाच्या भीतीने धरला, आणि वेळू त्याला ओढेना. उलट तरंगत ठेवत होता! तो क्लेमीला हाका मारत राहिला, “इकडे ये, पोरा, हे धर, हे धर!” क्लेमी दोन हातांवर होता. त्याने वेळू बघितला आणि लाथा मारून मागे सरला. “नको अंकल, पा म्हणालेत,” असं ओरडला. मागून आलेल्या लाटेने त्याला मोकळ्या पाण्यात नेलं.

“लारीला कळता कामा नये,” डोरीनने तिथेच, त्या खाटेशी, दोघांकडून वचन घेतलं. सॉलीने ते मरेपर्यंत पाळलं. मर्ल पुढच्याच उन्हाळ्यात पोहायला शिकली, मग टाकी लावून बुडी मारायला, आणि पहिल्यांदा वेळूत शिरली तेव्हा नळी तोंडात धरून ढसाढसा रडली. किती साधं होतं ते! नुसतं धरायचं होतं.

आणि आता बाप म्हणतोय, तिथे घेऊन चल.

“तू नाही म्हणालीस तर तो दुसऱ्या कुणाबरोबर जाईल,” मर्ल आईला म्हणाली. “पीटीचा भाचा नेतोच आहे कुणाकुणाला. त्यापेक्षा मी नेते. बनाच्या कडेकडेने वाळूचा पट्टा आहे. हात सोडणार नाही मी त्यांचा. वेळूला हात लावू देणार नाही.”

डोरीनने टॉवेलाला आणखी एक चिमटा लावला. मग म्हणाली, “लावू देऊ नकोस, बाई. तो नाही राहायचा मग.”

आठवडाभर मर्लने बापाला भरतीच्या पाण्याने भरणाऱ्या बांधीव तलावात शिकवलं. सकाळच्या थंडीत रबरी सूट चढवताना लारीने सगळा किनारा डोक्यावर घेतला. “मी ह्याला घालतोय की हा मला घालतोय? अरे, एवढ्या घट्ट कपड्यात सॉसेजसुद्धा बसत नाही!” मिशांमुळे मास्कमध्ये पाणी शिरायचं. मिशा काढायला तो तयार नव्हता. चाळीस वर्षांच्या मिशा, त्या काय माशांना दाखवायला काढायच्या? शेवटी मर्लने त्यावर व्हॅसलीन थापलं. तोंड पाण्याखाली घालायला मात्र त्याला दोन सकाळी लागल्या. छातीपर्यंत पाण्यात उभा राहून तो नुसता थरथरत होता, थंडीने नव्हे. तिसऱ्या सकाळी त्याने क्रुसाची खूण केली, डोकं खाली घातलं, आणि नळीतून श्वास आत आला तसा इतका चकित झाला की हसताना पाणी प्यायला.

“आत हवा येते गं!” वर येऊन तो म्हणाला.

“मग काय यायला हवं होतं, चहा?”

“आगाऊ आहेस. आईवर गेलीस.”

मर्लला ते दिवस आवडले. खरंच आवडले, आणि त्याचं तिला वाईटही वाटत होतं. इतक्या वर्षांत बाप आणि ती एका कामात असे गुंतले नव्हते. क्लेमी गेल्यापासून घरात सगळे एकमेकांना धक्का लागू नये असे वावरत होते.

वारा पडला, पाणी निवळलं, तेव्हा ते पाद्र्याच्या खडकाशी गेले. तीच जागा. लारीने गाडीत बसल्या बसल्याच सांगितलं होतं, “पाद्र्याचा खडक. दुसरीकडे नेऊन फसवू नकोस. डोळे गेलेत, कान आहेत माझे. तिथल्या लाटेचा आवाज मला ठाऊक आहे.” मर्लने थर्मासमधलं गरम पाणी त्याच्या सुटात मानेपाशी ओतलं. म्हाताऱ्याने डोळे मिटून सुस्कारा टाकला. मग तिने त्याच्या कमरेला शिशाचा पट्टा बांधला, पाठीवर टाकी चढवली आणि हात धरला.

“पा, नीट ऐका. माझा हात सोडायचा नाही. आणि वेळूच्या जवळ जायचं नाही.”

“ते तू मला शिकवणार?” लारी म्हणाला. “तो पाय धरतो, हे मीच तर तुम्हाला शिकवलं.”

मर्लने मान फिरवून, काचेवर धुकं धरू नये म्हणून, मास्कवर थुंकी चोळली. 

खाली पाणी हिरवट आणि स्वच्छ होतं. एका बाजूला वाळूचा पट्टा, दुसऱ्या बाजूला बन, आणि वरून ऊन दांड्यादांड्यांमधून उतरत होतं. लारी आधी लाकडासारखा ताठ. मर्लचा हात असा आवळला होता की हातमोज्यातूनही बोटं दुखत होती. बनाकडच्या बाजूचं कोपर त्याने अंगाशी घट्ट धरून ठेवलं होतं. त्याला बाजूचं दिसत नाही, म्हणून तो सारखा मान वळवून बघायचा, वेळू किती लांब आहे ते. नळीतून बुडबुडे भसाभस येत होते. मर्लने त्याच्या छातीवर हात ठेवला, सावकाश, सावकाश. तो सावकाश झाला.

मग पहिली मुशी दिसली. वाळूवर, एका दगडाच्या आडोशाला, निवांत पडलेली. मर्लने तिला दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि बापाच्या ओंजळीत ठेवलं. मुशीने लगेच गोल वेटोळं केलं आणि शेपटी डोळ्यांवर ओढून घेतली. लारीने ओंजळ मास्कच्या अगदी जवळ आणली, त्याच्या त्या फटीसमोर. बराच वेळ तो बघत राहिला. मग त्याने एका बोटाने, गुन्हेगारासारखं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो काठ, ते आपटणं, सगळं त्याला आठवत असणार. त्याचे खांदे हलले. मर्लला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. ओंजळ उघडली तरी मुशी जाईना. डोळे झाकून तशीच बसून राहिली, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं असावं की कुणी मारत नाही. सरळ होऊन ती वळवळत निघून गेली.

पुढे खडकाच्या कपारीत पट्टेवाल्या मुश्या होत्या, एकीवर एक, शाळेच्या सहलीत पोरं झोपतात तशा. लारी वाळूवर गुडघे टेकून कपारीत डोकं घालून बसला. मर्ल त्याचा खांदा धरून होती, आणि खरं सांगायचं तर तिचा जीव भांड्यात पडला होता. झालं, आता दोन-चार मुश्या अजून दाखवायच्या आणि वर न्यायचं. आईला सांगायचं, बघ, काही झालं नाही.

तेवढ्यात बाहेरच्या बाजूने मोठी लाट आली. खाली ती दिसत नाही, नुसतं सगळं पाणी एकदम उचलून एका बाजूला जातं. मर्ल खडकाला धरून राहिली, पण लारी उचलला गेला. त्याचा खांदा तिच्या हातातून निसटला, आणि पाण्याने त्याला सरळ बनात नेऊन टाकलं. लाट परत फिरताना त्याने जे हाताला आलं ते धरलं.

वेळूचा दांडा होता.

मर्लने पाय मारले, पण परतीचं पाणी तिला मागे रेटत होतं. तिला बापाचा चेहरा दिसला. मास्कच्या आतले त्याचे डोळे विस्फारलेले होते. तो वाट बघत होता. वेळू आता पाय धरेल, आता ओढेल. लाट गेली, परत आली. दांडा त्याच्यासकट मागे झुकला, पुढे झुकला, आणि होता तिथे येऊन उभा राहिला. लारीही त्याच्याबरोबर होता तिथेच. त्याच्या पायांना काही झालं नव्हतं. त्याने एक पाय उचलून बघितला, मग दुसरा.

मर्ल पोचली आणि तिने त्याचा हात दांड्यावरून सोडवायला घेतला. त्याने सोडला नाही. तिने वर जायची खूण केली. त्याने मान हलवली. तो दांड्याकडे बघत होता, अगदी जवळून, एखादं विणकाम बघावं तसं. मग त्याने बोट लावून दाखवलं.

दांड्याला मुशीचं अंडं बांधलेलं होतं. लहानशी तपकिरी पिशवी, बोटभराची, चारी कोपऱ्यांतून लांब तंतू निघालेले, आणि ते तंतू वेळूला करकचून गुंडाळलेले. पाणी ओढत होतं तशी पिशवी फडफडत होती, पण सुटत नव्हती. उन्हाकडे धरल्यासारखी ती आरपार दिसत होती. आत बोटाच्या पेराएवढं पिल्लू शेपटी हलवत होतं.

मर्लने हे किती लोकांना दाखवलं असेल! फोटो काढायला लावले असतील. मुशी अंडं घालते आणि ते वाहून जाऊ नये म्हणून वेळूला बांधून ठेवते, हे ती पाठ केल्यासारखं सांगायची. आज बापाचं बोट त्या गाठीवर होतं, आणि तिला वाटलं, देवा, हेच नेमकं का दिसायचं होतं त्याला? बाजूचं काही दिसत नाही या माणसाला, आणि हे दिसलं.

लारीने गाठ चाचपली. एक तंतू हळूच ओढून बघितला. मग त्याने मान वर केली. दांडा वर वर जात होता, आणि वरचा उजेड काही लांब नव्हता. त्याने दुसऱ्या हाताने वरची जागा धरली, मग पहिल्या हाताने त्याच्या वरची, दोर ओढतात तशी, जन्मभर ओढले तशी. मर्ल त्याच्या पट्ट्याला धरून बरोबर वर आली. त्याला मदतीची गरजच नव्हती. वेळू त्याला वर आणत होता.

डोकं पाण्याबाहेर आलं. वेळूचे शेंडे आजूबाजूला तरंगत होते. लारीने एक फुगा छातीशी धरला होता, आणि तो त्यावर तरंगत होता. त्याने तोंडातली नळी काढली. खडक समोरच होता. त्यावर पाणकावळे पंख पसरून उन्हाला बसले होते.

“ती मुशी,” तो म्हणाला, “पोराला ह्याला बांधून जाते?”

“हो, पा.”

“का?”

“वाहून जाऊ नये म्हणून.” तिचा आवाज फुटला. “पा, चला, गारठाल.”

तो हलला नाही. त्याने तो फुगा पाण्यात दाबून बघितला. फुगा वर आला. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा वर आला.

“सॉली कसा वाचला गं?”

मर्लने वचन दिलं होतं. “लाटेने खडकावर फेकलं त्यांना. त्यांनीच सांगितलं ना सगळ्यांना.”

लारीने तिच्याकडे तोंड वळवलं. समोर ती नीट दिसायला हवी म्हणून त्याला थोडं हलावं लागलं. मग तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. तिने डोळे खाली घातले नसते तर कदाचित निभलं असतं. पण ती मर्ल होती, आईची मुलगी, तिला खोटं बोलता यायचं पण बघत बघत बोलता यायचं नाही.

“माझं पोर किती लांब होतं?” त्याने विचारलं.

ती रडायला लागली. तोंडात खारट पाणी गेलं. दोन हात, असं ती म्हणू शकली नाही. तिने नुसती मान हलवली, नाही नाही म्हणून, आणि त्याला हवं ते सगळं त्यात कळलं.

 फुगा धरून लारी पाण्यावर वरखाली होत राहिला. मग त्याने मिशांवरचं व्हॅसलीन पुसलं आणि म्हणाला, “पुन्हा म्हणायला लावलं होतं मी त्याला. एकदा म्हणाला होता तो, तरी मी म्हटलं पुन्हा म्हण.”

“पा, तुम्हाला काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं.”

“मुशीला माहीत होतं,” तो म्हणाला.

किनाऱ्यावर येऊन त्याने सूट काढला. गाडीत बसल्यावर मर्लने त्याच्या अंगावर घोंगडी टाकली आणि हीटर लावला. अर्ध्या वाटेवर, सायमन्स टाउन मागे पडल्यावर, त्याने विचारलं, “तुझ्या आईला ठाऊक आहे?”

मर्ल गाडी चालवत होती. तिने उगाचच गिअर बदलला.

“असू दे,” लारी म्हणाला. “सांगू नकोस. बिचारीने बारा वर्षं माझ्याबरोबर एका ताटाशी बसून काढली. आणि एकदाही...” त्याने पुढचं गिळलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

घरी डोरीनने गरम तेलातले फेटकूक, मैद्याचे तळलेले गोळे, काढून ठेवले होते, वर जर्दाळूचा मुरांबा. दार उघडलं तशी ती आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघू लागली, मग मुलीच्या. मर्ल सूट धुवायच्या निमित्ताने सरळ मागे निघाली होती, पण पाय तिथेच थांबले. ती दारात उभी राहिली.

“काय मग, भेटल्या का मुश्या?” डोरीनने विचारलं. आवाज हलका ठेवायला तिला किती कष्ट पडले ते मर्लला ऐकू आलं.

“भेटल्या की. एक तर ओंजळीत बसली होती माझ्या. शेपटी घेतली डोळ्यांवर, तुझ्यासारखी, चर्चमध्ये झोप लागते तेव्हा.” लारी चाचपडत खुर्चीवर बसला. त्याने कप दोन्ही हातांत धरला. “पण डोरीन, तो वेळू.”

डोरीनचा हात बशीवरच राहिला.

“काय वेळूचं?”

“पाय धरला गं त्याने माझा. लाट आली आणि गेलो ना मी बनात. असा धरला, असा गुंडाळला, सुटता सुटेना! ही मर्ल नसती तर आज तिकडेच होतो. चाकूने कापून काढलं तिने. विचार तिला.” तो मुलीकडे बघत नव्हता. समोर भिंतीकडे बघत होता, सरळ. “सैतान आहे तो. मी पोराला बरोबर सांगितलं होतं.”

डोरीनने मुलीकडे बघितलं. मर्लला डोळे कुठे लपवावेत कळेना. चाकू ती सकाळी घरीच विसरली होती, पाण्यात नेलाच नव्हता, आणि हे डोरीनला ठाऊक होतं. सकाळपासून तो तिच्यासमोर ओट्यावरच पडून होता.

स्वयंपाकघरात तेल अजून चुरचुरत होतं. डोरीनने गॅस बंद केला. ती नवऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि त्याच्या ओल्या, मिठाने चिकट झालेल्या केसांवर तिने हात ठेवला.

“बरोबरच सांगितलं होतंस,” ती म्हणाली. “अगदी बरोबर सांगितलं होतंस, लारी. खा आता, गार होतंय.”

त्याने फेटकूक उचलला, मुरांबा लावला, आणि खायला लागला. तिने हात काढला नाही. तो सावकाश चावत राहिला, बायकोने केलंय म्हणून.